मयताची जबानी

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडून लोकांना खुनाच्या गोष्टी ऐकायच्या असतात. माझ्या नोकरीत खूनही झाले. पण जे प्रकरण आठवलं की आजही मला जेवता जेवता हसू फुटतं आणि घरचे माझ्याकडे काळजीने बघतात, ते खुनाच्या अगदी उलट होतं. त्यात एक माणूस एक दिवसाआड सकाळी मरत होता आणि थोड्याच वेळात उठून चहा पीत होता. नावं कुणाचीच देत नाही. त्यातल्या काहींचे नातू अजून भेटतात आणि आग्रहाने जेवू घालतात.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मी नवाकोरा फौजदार होतो आणि माझी नेमणूक भाईंदरला झाली होती. ठाणं म्हणजे रेल्वे स्टेशनाजवळची एक कौलारू बैठी इमारत, आणि तिच्याभोवती नजर जाईल तिथवर मिठागरं. गुन्हे त्या भागाला शोभतील असेच, म्हणजे मिठाची चोरी, हातभट्टी, खाडीत जाळी लावण्यावरून डोकी फुटणं. माझे जमादार मात्र मुरलेले होते. कायदा ते पाठ म्हणत नसत. समोरच्या माणसाकडे बघून कोणतं कलम लागेल ते सांगत, आणि बहुधा तेच लागे.

त्या सुमारास मुंबईच्या एका शेठने भाईंदरला मोटार कंपनी काढली होती. त्याच्या कचेरीत भिंतभर नकाशा टांगलेला होता. भाईंदरपासून तांबड्या रेघा निघून एक ठाण्याला, एक बोरिवलीला, एक गोराईला आणि एक थेट वसईला पोचली होती. वसईच्या वाटेत खाडी आहे आणि तिच्यावर मोटारीचा पूल नव्हता, पण नकाशावरच्या रेघेला पूल लागत नाही. शेठ या सगळ्याला ‘एक्सप्रेसचं जाळं’ म्हणत असे. प्रत्यक्षात त्या जाळ्याचा एकच धागा चालू होता, तो उत्तन ते भाईंदर स्टेशन. त्यावर दोन गाड्या होत्या आणि त्यातली एक कायम शेडमध्ये पोट उघडं टाकून पडलेली असे.

पेट्रोलवर रेशन होतं, म्हणून गाडी कोळशाच्या गॅसवर चाले. मागे एक मोठं लोखंडी पिंप बसवलेलं होतं, त्यात कोळसे धुमसत आणि त्या धुरावर इंजिन खोकत खोकत पुढे जाई. गाडीच्या कपाळावर मात्र पिवळ्या अक्षरांत ‘एक्सप्रेस’ लिहिलेलं होतं. गावोगाव वाटलेल्या पत्रकात म्हटलं होतं, ‘वाटेत कोठेही न थांबता’. आधी या रस्त्यावर एक जुनी मोटार होती. हात दाखवला की ती थांबे, कधी न दाखवताही थांबे. पेट्रोलअभावी ती बंद पडली आणि वाटेतल्या गावांच्या नशिबी ही न थांबणारी गाडी आली.

एक दिवस शेठ माझ्यापुढे येऊन बसला. रागाने त्याचं मराठी आणखीच गुजराती झालं होतं.

“फौजदारसाहेब, तुमी मला एक सांगा ने. राई गावात मानसं मरते तरी किती?”

उत्तनहून निघालेली गाडी राईपाशी आली की रस्त्यावर प्रेतयात्रा आडवी येते, अशी त्याची तक्रार होती. रोज नाही, पण एक दिवसाआड नक्की. ड्रायव्हर गाडी थांबवतो, टोपी काढतो, यात्रा जाऊ देतो. मग एक्सप्रेस ती कसली? लवकरच प्रांतसाहेब स्वतः या गाडीने प्रवास करून पाहणार होते. त्यांचं समाधान झालं तर ठाण्याच्या रेघेला परवानगी मिळणार होती. अशा वेळी समोर तिरडी येणं शेठला परवडणारं नव्हतं.

मला शेठच्या एक्सप्रेसची चिंता नव्हती. चिंता होती ती मरणाऱ्यांची. लहानशा गावात इतकी मयतं म्हणजे पटकीची साथ असणार, आणि पटकी लपवली जात असणार. साथ जाहीर झाली की त्या गावची मासळी बाजारात कोणी शिवत नाही, हे मला ठाऊक होतं. मी राईच्या पोलीस पाटलाला बोलावून घेतलं. गावातली मयतं कळवणं त्याचं कामच. त्याने हात जोडून सांगितलं की पावसाळ्यापासून गावात एकही मयत नाही. हे सांगताना तो माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत होता. माणूस खोटं बोलताना डोळे चुकवतो, हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण खोटं बोलताना हसू दाबणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तेव्हा मला तो पटकीच्या भीतीने कापतोय असं वाटलं.

खरी खबर आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. भाईंदरचा एक न्हावी तक्रार घेऊन आला. राई, मुर्धा, मोर्वा या गावांचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे होतं. राईत एवढी माणसं मरतात, असं तो रोज गाडीच्या उतारूंकडून ऐकत होता, पण मुंडणाला त्याला एकदाही बोलावणं आलं नव्हतं. दुसरा कोणी न्हावी त्याच्या गावात घुसला आहे, त्याला पकडून आणा, असं त्याचं म्हणणं होतं.

जमादारांनी त्याला दम देऊन वाटेला लावलं. मी मात्र विचारात पडलो. बाप मेला तरी कोणाचं डोकं भादरलेलं नाही, हे कसं? मी जमादारांना लाकडाच्या वखारीवर पाठवलं. युद्धामुळे सरपण दुर्मीळ झालं होतं आणि त्या भागात चितेची लाकडं द्यायला ती एकच वखार होती. राईसाठी बऱ्याच दिवसांत एक ओंडकाही गेला नव्हता. जमादार परत येऊन म्हणाले, “साहेब, राईची माणसं मरतायत, पण जळत नाहीत.”

मग मी स्वतः जायचं ठरवलं. सकाळी उत्तनला जाऊन साध्या कपड्यांत, म्हणजे धोतर, कोट आणि काळी टोपी अशा वेषात, गाडीत बसलो. बाकावर टेकतो न टेकतो तोच शेजारच्या म्हातारीने विचारलं, “फौजदारसायेब, आज सुट्टी काय?” गुप्तता एवढ्यावरच संपली.

ड्रायव्हर उत्तनचाच, देवभीरू ख्रिस्ती माणूस. शेठने दिलेली खाकी टोपी तो बिशपच्या टोपीसारखी सांभाळून घाली. डोंगरी मागे पडली, मोर्वा गेलं, आणि राईच्या वळणावर खरोखरच तिरडी आली. पुढे मडकं धरलेला माणूस, खांद्यावर तिरडी घेतलेले चौघे, त्यांच्या तोंडी रामनाम आणि मागे दहाबारा बाया. ड्रायव्हरने गाडी थांबवली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ओठांत ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना पुटपुटू लागला. उतारू अदबीने उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा पुढे तिरडीकडे.

मी मागे पाहिलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. या आल्या होत्या आणि त्यांच्या पदराखाली पाट्या होत्या. तिरडी गाडीला वळसा घालून जाईपर्यंत त्या एकामागून एक मागच्या दाराने आत चढल्या आणि कोळंबीच्या पाट्या पायांशी घेऊन बसल्या. कंडक्टरने मुकाट्याने तिकिटं फाडली. न चढलेल्या कोळणीला तो अडवू शकला असता. एकदा बसलेल्या कोळणीला उठवणं हे कंडक्टरचं काम नव्हे, आणि फौजदाराचंही नव्हे.

मी खाली उतरून तिरडीच्या मागे गेलो. पुढे तळ्याच्या काठी, झाडीआड, त्यांनी ती खाली ठेवली. मयताने तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि उठून बसत विचारलं, “चढली काय रं सून?”

“चढली.”

“बसाया भेटला?”

एवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो शांतपणे पुन्हा आडवा झाला. माझ्या सगळ्या नोकरीत पोलिसाला टाळण्याचा एवढा साधा प्रयत्न मी पाहिला नाही.

सगळ्यांना ठाण्यावर आणलं. मयत चालत आलं. जमादार जबानी घ्यायला बसले. हा मनुष्य साठी उलटलेला, वाळक्या बोंबलासारखा सडपातळ, आणि तोंडावर कमालीचा निरागस भाव. जमादारांनी धंदा विचारला. तो म्हणाला, आधी खाडीत जाळं टाकायचो, आता गुडघे गेले, आता हेच.

“हेच म्हणजे काय?”

“मरतो.”

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. म्हाताऱ्याचा मुलगा दोन पावसांपूर्वी वादळात बोटीसह गेला होता. सून खाडीतली कोळंबी आणि निवट्या घेऊन मुंबईच्या बाजारात बसायची, आणि घरातली सगळी तोंडं तिच्या पाटीवर होती. बाजारात तिचा ओटा होता, सासूच्या काळापासूनचा. पण तिथली रीत अशी की बाजार उघडताना ओट्यावर जी असेल तिचा तो ओटा. दोनचार वेळा चुकलं की मुकादम दुसरीला बसवणार आणि पहिलीला नुसतं हात हलवत परतावं लागणार. मासळी भरतीच्या हिशोबाने येते, रेल्वेच्या नाही. भरती उशिरा उतरली की भरलेली पाटी डोक्यावर घेऊन मिठागरांतून भाईंदरला चालत पोचेपर्यंत रेल्वे निघून गेलेली असे. आणि एक्सप्रेस तर तिच्या दारावरून, तिच्या हाताला न जुमानता, अर्ध्या रिकाम्या बाकांसह निघून जाई. एकदोनदा ओटा जाता जाता वाचला. मग म्हाताऱ्याला एक गोष्ट सुचली. ड्रायव्हर उत्तनचा आहे, आणि उत्तनचा माणूस मयताला वाट दिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

“पण म्हाताऱ्या,” जमादारांनी विचारलं, “खोटं मयत काढायला भीती नाही वाटली? अपशकुन असतो.”

“जमादार, या वयात कसला अपशकुन? सराव होतो.”

ड्रायव्हरला बोलावून विचारलं की तुला संशय आला नाही का. त्याने टोपी हातात फिरवत कबूल केलं की दुसऱ्याच वेळी त्याला मयताच्या पायाचा अंगठा हलताना दिसला होता. मग थांबलास का, असं मी दरडावलं.

“सायेब, मेलाय का न्हाय ते बगनार डाक्टर. मी ड्रायव्हर हाय. माझ्या समोरून खांद्यावर मानूस चाललाय, तर टोपी काडायची का न्हाय?”

मी त्याला टोपी घालून जायला सांगितलं.

पोलीस पाटलाने मात्र सगळं आधीपासून ठाऊक असल्याचं कबूल केलं. मयत नाही असंच त्याने मला सांगितलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. त्याला खोटं बोलल्याबद्दल झापावं तर तो एकटाच या प्रकरणात खरं बोललेला निघाला.

आता गुन्हा कोणता दाखल करायचा? रस्ता अडवणं म्हणावं, तर प्रेतयात्रेला रस्त्यावर हक्क आहे. फसवणूक म्हणावी, तर बायांनी तिकिटं काढली होती. जमादारांनाही त्या माणसाकडे बघून कलम सुचेना, आणि तसं पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात शेठ आला. म्हाताऱ्याला जिवंत पाहून त्याचा संताप दुप्पट झाला.

“याला जेलमां नाखो, साहेब. मी मुंबईहून दुसरा ड्रायव्हर आणतो. तो मयत बघणार नाही, देव बघणार नाही, सरळ जाणार.”

हे ऐकून दाराशी उभी असलेली बाई आत आली. ती म्हाताऱ्याची सून. बाजार करून, रिकामी पाटी घेऊन ती थेट ठाण्यावर आली होती. तिने शेठकडे पाहिलंसुद्धा नाही.

“सायेब, त्यांना सोरा. धरायचा तर मना धरा. ते माझ्यासाठी मरतान.” मग सासऱ्याकडे वळून तिने आवाज चढवला, “आन तुमी. सांगितला व्हता ना, पायाचा अंगठा हालवू नका.”

जमादारांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले.

मी म्हाताऱ्याला समज देऊन सोडायचं ठरवलं. पुन्हा असं करणार नाही असं लिहून दे, म्हणालो. त्याने विचारलं, काय करनार न्हाय? मी म्हणालो, मरणार नाही. तो गंभीर झाला.

“सायेब, ते कसा लिवून देव? वय झाला माझा. उद्या खरा मेलो तर तुमी सुनेला धराल.”

शेवटी तडजोड झाली. गाडीच्या वेळी तो रस्त्यावर तिरडीवरून येणार नाही, एवढं त्याने तोंडी कबूल केलं. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पण सून निघाली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला कळलं की ज्याच्यासाठी हे सगळं झालं, ते काही मिटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून एक्सप्रेस राईवरून न थांबता जाणार होती आणि ओटा जाणार होता. तो मीच घालवला होता, अगदी कायदेशीरपणे.

प्रांतसाहेबांच्या प्रवासाचा दिवस आला. शेठने गाडी धुऊन झेंडूच्या माळांनी मढवली होती. ‘एक्सप्रेस’ची अक्षरं नव्याने रंगवली होती. मागचं ते काळंकुट्ट पिंप मात्र त्याच्या डोळ्यांत सलत होतं. साहेबाने कोळशाचं पिंप बघायचं? त्याने तांबड्या मखमलीचा मोठा पडदा आणून पिंपाभोवती गुंडाळला आणि वर सोनेरी गोंडे सोडले. ड्रायव्हर म्हणाला, शेठ, याला हवा लागते. शेठ म्हणाला, आज साहेब आहेत. जणू साहेब असले की कोळसा हवेवाचून पेटतो. मुंबईचा ड्रायव्हर काही मिळाला नव्हता.

प्रांतसाहेब मितभाषी गृहस्थ. पुढच्या बाकावर बसून ते चष्म्यातून रस्ता पाहत होते; बंदोबस्तासाठी मी आणि जमादार मागे बसलो होतो. शेठ नकाशातल्या रेघा हवेत बोटाने काढून दाखवत होता. बोट वसईच्या खाडीवरून पलीकडे गेलं तेव्हा साहेबांनी विचारलं, “पूल कुठे आहे?” शेठ म्हणाला, पूल सरकार बांधेल.

डोंगरीच्या पुढे गाडी खोकू लागली. मोर्व्याला ती गुदमरली. राईच्या वळणावर एक दीर्घ सुस्कारा टाकून ती उभी राहिली ती राहिलीच. मखमल हवेच्या भोकाला घट्ट चिकटली होती आणि तिला भोक पडून जळक्या कापडाचा वास सुटला होता.

रस्त्याच्या कडेला राईच्या बाया पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हातही केला नव्हता. सून सगळ्यांत पुढे होती. तिच्या मागून म्हातारा स्वतःच्या पायांनी चालत आला, गाडीभोवती एक फेरी मारून त्याने मखमलीकडे पाहिलं आणि मला नमस्कार केला.

“सायेब, मी शब्द पालला. आज गाडी मेली.”

प्रांतसाहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं की हा काय प्रकार आहे. वरिष्ठांना थोडक्यात सांगावं हा खात्याचा नियम. मी थोडक्यातच सांगितलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि सुनेला विचारलं, “बाई, आज ओटा मिळेल?”

“गाडी हालली तर.”

ते खाली उतरले. चौघे खांदेकरी तिथेच होते, शिवाय ड्रायव्हर, कंडक्टर, मी आणि जमादार. ड्रायव्हरने मखमल ओढून काढली, कोळसे ढवळले, हाताचा पंखा फिरवला. बाया आत बसल्या, आणि आम्ही एक्सप्रेस ढकलली. शेठही ढकलत होता, कारण साहेबांनी हात लावला होता. साहेबांच्या पांढऱ्या कोटावर काजळीचा पंजा उमटला तेव्हा इंजिन सुरू झालं.

स्टेशनावर रेल्वे उभी होती, ती आमच्या पुण्याईने नव्हे, तर तिलाही उशीर झाला होता म्हणून. सून पाटी घेऊन धावली आणि चढली. प्रांतसाहेब ती दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभे होते. मग शेठला म्हणाले, “तुमची गाडी राईला आपण होऊन थांबते. ते परवान्यात लिहून टाकू.”

शेठच्या चेहऱ्यावरचं दुःख मी वर्णन करणार नाही. एक्सप्रेसला थांबा म्हणजे त्याच्या दृष्टीने नवरीला मिशी. पण माणूस व्यापारी होता. आठवडाभरात गाडीवर नवी ओळ आली, ‘इंजिनाच्या सोयीसाठी राई येथे थांबेल’. माणसांच्या सोयीसाठी असं त्याने शेवटपर्यंत लिहिलं नाही. ठाण्याची रेघ युद्ध संपेपर्यंत भिंतीवरच राहिली.

थांब्याच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम राईला गेलो. म्हातारा सुनेला पोचवायला आला होता. गाडी थांबली आणि ड्रायव्हरचा हात सवयीने टोपीकडे गेला. म्हातारा खालून ओरडला, “घाल रं बाबा टोपी. मी जिता हाय.” सून पुढच्या दाराने चढली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. पुढे मी पुष्कळ कट उघडकीला आणले. कोणी लोभावर भिस्त ठेवलेली असे, कोणी भीतीवर, कोणी पोलिसांच्या झोपेवर. हा एकच कट असा पाहिला की ज्याचा सगळा आधार समोरच्या माणसाच्या सभ्यतेवर होता. एक अनोळखी ड्रायव्हर परक्या मेलेल्यासाठी गाडी थांबवील, या खात्रीवर एका म्हाताऱ्याने घरादाराचा घास पणाला लावला होता. तेव्हापासून कुठे कायदा मोडलेला दिसला की मी आधी बघत असे की मोडणाऱ्याने तो कोणाच्या भरवशावर मोडला. बहुतेक वेळा उत्तर ऐकून आरोपीला आत टाकावंसं वाटे. एकदाच, राईच्या त्या वळणावर, उत्तर ऐकून मला गाडी ढकलावीशी वाटली, आणि मी ती ढकलली.